गोधडीतला गरुड

बालमित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची ट्रंक आहे का? नसली तर आजीच्या कपाटात बिस्किटांचा रिकामा डबा तरी असेलच. त्यात तुटक्या साखळ्या, बंद पडलेलं घड्याळ, कुणाच्या तरी चष्म्याची एक काडी असा ऐवज असतो. मी आज अशाच एका डब्याची गोष्ट सांगणार आहे. ती वाचून झाली की आई-बाबांनाही वाचायला द्या, कारण यातला काही भाग त्यांच्यासाठी आहे.

मी रसायनीजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या मागे माणिकगड, पुढे पाताळगंगा आणि आजूबाजूला कारखान्यांच्या चिमण्या. या कारखान्यांवरूनच आमच्या गावाला रसायनी हे नाव पडलं. इथे कामाच्या निमित्ताने साताऱ्याहून, सोलापुराहून, कुठून कुठून माणसं आली आणि येताना आपापल्या ट्रंका घेऊन आली.

मागच्या वर्षी १५ ऑगस्टला आम्ही वर्गात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. कुणी अडकित्ता आणला, कुणी जातं आणायची परवानगी मागितली (ती मी दिली नाही, आणणार कसं?), कुणी भोकाचा पैसा आणला. चौथीतली एक मुलगी मात्र डबा छातीशी धरून आली आणि म्हणाली, "बाई, माझे पणजोबा युद्धात विमान चालवायचे. हा पुरावा!"

डब्यात चार वस्तू होत्या. पितळेची दोन बटणं, एक सहा टोकांची चांदणी आणि कापडावर भरतकाम केलेला विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. चांदणीला हिरव्या काठाची पट्टी शिवलेली होती. ती सरळसरळ जुन्या लुगड्याची होती, आणि त्याबद्दल तिलाही काही शंका नव्हती.

सगळा वर्ग डब्याभोवती गोळा झाला. पायलटची पणती आपल्या वर्गात! दोन दिवस तिचा रुबाब काही विचारू नका.

आता खरं सांगते, मलाही या वस्तूंमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रदर्शनात वस्तूशेजारी चिठ्ठी लावायची होती आणि चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही हा नियम मीच केलेला. म्हणून मी शोध घ्यायला लागले. पनवेलला नाणी आणि पदकं जमवणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे गेले, पुस्तकं चाळली. तेव्हा कळलं की या कपड्यांची आणि बिल्ल्यांची एक भाषाच असते. लिपी शिकल्यावर जसं वाचता येतं तसं ते वाचता येतं.

सुरुवात मुकुटापासून करा. बटणावर गरुड आहे आणि वर मुकुट आहे ना? हिंदुस्थानात इंग्रजांचं राज्य होतं तोवर सैन्याच्या चिन्हांवर राजाचा मुकुट असे. २६ जानेवारी १९५० नंतर त्या जागी आपले अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे मुकुट दिसला तर वस्तू १९५० च्या आधीची, असं आपण म्हणून टाकतो. पण थांबा! मुकुटाच्या वरच्या कमानी नीट बघा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज होता. त्याच्या वेळच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असत. पुढे एलिझाबेथ राणी झाली, तिच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. तसा दबका मुकुट असेल, तर तो बिल्ला राणीच्या काळातला, युद्धातला नव्हे. बाजारात असे कितीतरी बिल्ले "महायुद्धातले" म्हणून खपवले जातात.

मग अक्षरं. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालं. १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ द्रिघ रोड इथे पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे सहा अधिकारी, १९ 'हवाई सिपाही' आणि वापिती जातीची चार दोन-पंखी विमानं होती. बस्स, एवढंच! महायुद्ध संपेपर्यंत त्याच दलात नऊ स्क्वाड्रन आणि सुमारे २८ हजार माणसं झाली. मार्च १९४५ मध्ये दलाच्या नावाला 'रॉयल' हा शब्द जोडला गेला आणि १९५० साली तो गळून पडला. त्यामुळे बिल्ल्यावर 'आय ए एफ' अशी तीन अक्षरं आहेत की त्याआधी 'आर' आहे, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

आणि पंख! वैमानिकाच्या डाव्या खिशाच्या वर दोन पंख असतात, मधे अक्षरं आणि वर मुकुट. एकच पंख असेल तर तो माणूस विमानात बसे, पण विमान चालवत नसे. त्या एका पंखाच्या टोकाला गोलात अक्षर असे. 'एन' म्हणजे नॅव्हिगेटर, वाट दाखवणारा. 'ए जी' म्हणजे एअर गनर, विमानातून बंदूक चालवणारा.

आमच्या डब्यात दोन पंख नव्हते. एकही नव्हता. होता तो प्रोपेलर. दोन पात्यांचा, आडवा.

पनवेलच्या काकांनी तो हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, हा वैमानिकाचा नाही. हा बाहीवर लावतात. लीडिंग एअरक्राफ्ट्समन. जमिनीवर काम करणाऱ्या वायुसैनिकाचा हुद्दा."

परत येताना एस.टी.त मी फक्त एकच विचार करत होते, की त्या मुलीला हे सांगायचं कसं.

न सांगता चिठ्ठी तशीच लावली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण मग मी नियम कशाला केला? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिने डबा बंद केला. "म्हणजे पणजोबा पायलट नव्हते?" एवढंच म्हणाली. डोळे भरले होते. मग जरा वेळाने म्हणाली, "पण बाई, आजीच्या गोधडीवर पण एक पक्षी आहे. लाल. तो बघाल का?"

संध्याकाळी मी मोहोपाड्याला तिच्या घरी गेले. आजींनी "बसा बाई, चहा टाकते" म्हणून आधी स्वयंपाकघर गाठलं. मुलीचे बाबा कामावरून नुकतेच आले होते. त्यांचा जुना कारखाना बंद पडल्यापासून ते कंत्राटावर काम करतात. त्यांनी मला जे सांगितलं त्याने मी चपापलेच. मुंबईचा एक माणूस जुन्या वस्तू घ्यायला फिरत होता. त्याने डब्यातल्या सगळ्याचे मिळून आठशे रुपये देऊ केले होते आणि तो रविवारी परत येणार होता.

"अहो बाई, आठशे म्हणजे आठशे," बाबा म्हणाले. "घरात पडून काय उपयोग? पोरीच्या वह्या-पुस्तकांचं तरी होईल."

यात त्यांचं काय चुकलं? मला काही बोलता आलं नाही.

तेवढ्यात आजी गोधडी घेऊन आल्या. तुम्ही आजीच्या हातची गोधडी बघितली असेलच. वरून जुन्या पातळाचे तुकडे, आत जे सापडेल ते. एका कोपऱ्यात खाकी कापडाचा तुकडा होता आणि त्यावर लाल दोऱ्याने भरलेला, पंख पसरलेला गरुड!

"आमच्या मामंजींचा सदरा तो," आजी म्हणाल्या. "फाटला तेव्हा गोधडीत घातला. चांगलं जाड कापड होतं. निळा लोकरीचा कोट पण होता की. तो मी बोहारणीला दिला. तिने स्टीलचा डबा दिला, अजून आहे, दाखवू का?"

मुलांनो, मला हसावं की रडावं कळेना. पण आजींना दोष कोण देणार? कोकणातल्या पावसात लोकरीला कसर लागते, वास येतो. डबा मात्र रोज वापरात आहे. त्यात त्या दिवशी चिवडा होता.

गरुडाचंही तुम्हाला सांगायला हवं. खांद्याजवळ बाहीवर गरुड असला की घरचे म्हणतात, हे पायलट होते. पण हा गरुड वायुसैनिकांच्या गणवेशावर सर्रास असे. स्वयंपाकी असो, फिटर असो की वायरलेसवाला. निळ्या कोटावर तो फिकट निळ्या दोऱ्याचा आणि उष्ण देशातल्या खाकी कपड्यावर लाल दोऱ्याचा. दोन बाह्यांना दोन, जोडीने. म्हणजे आजींच्या गोधडीतला सदरा हिंदुस्थानात किंवा ब्रह्मदेशात वापरलेला.

ब्रह्मदेश मी उगाच म्हटलं नाही. ती चांदणी आठवते ना? तिच्यावरची उठावाची अक्षरं पार झिजली होती. आजी दर दसऱ्याला तिला चिंच आणि राख लावून घासत, देवाच्या भांड्यांबरोबर. बटणावरचा एक गरुड तर कबुतरासारखा दिसायला लागला होता. म्हणून एक कळकळीची विनंती: जुनी पदकं, बटणं घासू नका! चिंच नको, राख नको, पितळ चमकवण्याची पावडर तर नकोच. काळसर दिसली तरी राहू द्या. मऊ सुती फडक्याने धूळ टिपली की पुरे.

अक्षरं वाचायला आम्ही शाळेतलीच युक्ती केली. चांदणीवर पातळ कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली, आपण नाण्याचा ठसा घेतो ना, तशी. मुलीने एकेक इंग्रजी अक्षर लावत वाचलं: 'द बर्मा स्टार'.

हे पदक जपानशी झालेल्या लढाईत ब्रह्मदेशात, आणि बंगाल-आसामच्या ठरावीक भागात काम केलेल्यांना दिलं गेलं. त्याची खरी फीत मधे रुंद लाल, दोन्ही बाजूंना गडद निळी आणि त्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ अशी असते. खरी फीत कुजली असणार, म्हणून कुणीतरी लुगड्याचा काठ लावला. तो काठ आता काढू नये असं माझं मत आहे. तोही त्यांच्या घराचाच इतिहास आहे.

१९४४ साली जपानी सैन्य इंफाळच्या दारात येऊन ठेपलं होतं. तेव्हा आपली पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन तिथे होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे भारतीय हवाई दलाचे मार्शल झाले. मुंबईचे हृषीकेश मुळगावकरही ब्रह्मदेशच्या लढाईत उडत होते. पुढे त्यांना १९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी महावीर चक्र मिळालं आणि १९७६ ते १९७८ ते वायुसेनाप्रमुख होते. ही नावं तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचाल. पण विमान उडायच्या आधी एक कागद भरावा लागे, त्याला फॉर्म ७०० म्हणत. इंजिन तपासणारा सही करी, बंदुका तपासणारा सही करी, आणि त्या सह्या बघून शेवटी वैमानिक सही करी. आसामच्या चिखलात, ताडपत्रीखाली, कंदिलाच्या उजेडात कुणीतरी इंजिनाचे नट आवळलेले असत. ते सैल राहिले तर अर्जन सिंग असोत नाहीतर आणखी कुणी, विमान खालीच यायचं.

हे मी सांगत होते तेव्हा आजी म्हणाल्या, "मामंजी इंजनाचंच काम करायचे म्हणायचे. नंतर एस.टी.त मेकॅनिक होते. विमान चालवायचे असं ते कधीच नाही म्हणाले. ते आमच्या ह्यांनी चाळीत सांगितलं!" आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मुलगी पहिल्यांदाच जरा हसली.

आता पैशाचं बघू, कारण बाबांना त्याचं उत्तर हवं होतं. पनवेलच्या काकांनी जे सांगितलं ते असं. बर्मा स्टार खूप मोठ्या संख्येने दिली गेली, त्यामुळे नुसती चांदणी दुर्मीळ नव्हे. घासून गुळगुळीत झालेली असेल तर आणखी कमी. पण तीच चांदणी ज्याला मिळाली त्याचं नाव, त्याचा क्रमांक, सैन्यातून मुक्त केल्याचा दाखला, गणवेशातला एखादा फोटो, असं सगळं एकत्र असेल तर जमवणाऱ्यांच्या लेखी मोल कितीतरी वाढतं. वैमानिकाची उड्डाण-नोंदवही असेल तर विचारूच नका. म्हणून फेरीवाल्याला पहिल्याच दिवशी "घ्या" म्हणू नये, आणि संच कधी फोडू नये. कायद्याचंही ऐका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते, म्हणजे महायुद्धातले बिल्ले अजून त्यात येत नाहीत. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना मात्र ७५ वर्षांचीच अट आहे. म्हणून कागद विकण्याआधी चौकशी करावी.

नकलांचीही एक गंमत. काका म्हणाले, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कापड धरा. हल्लीचे दोरे चकाकतात, जुने चकाकत नाहीत. मी मोठ्या ऐटीत वाण्याच्या दुकानात गोधडी नेली. दिवा लावला तर गरुडासकट सगळी गोधडी निळीशार लखलखली! नकली? छे! कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं, ते कापडात मुरतं. आजींनी गोधडी वीस वर्षं त्या पावडरीने धुतली होती. तेव्हा एका खुणेवर कधीच विसंबू नका.

मग क्रमांक शोधायचा. पूर्वी सैनिक आपल्या कपड्यांवर आतून शाईने नाव आणि क्रमांक घालत, धुलाईत अदलाबदल होऊ नये म्हणून. आजींना हे सांगितल्यावर त्यांनी काही न बोलता कात्री घेतली आणि गोधडीची एक बाजू उसवली. आम्ही तिघी आणि बाबा दिव्याखाली वाकून बघत होतो. खाकी तुकड्याच्या उलट बाजूला, शिवणीच्या कडेला, काळ्या शाईचे आकडे होते. पाच आकडे, त्यातला एक अर्धवट पुसलेला.

बाबा किती तरी वेळ त्याच्यावर बोट ठेवून होते. "आजोबांचा नंबर," म्हणाले. रविवारी तो मुंबईचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वर्गात वेगळंच प्रकरण उभं राहिलं. टेबलाच्या मधोमध आम्ही हुतात्मा भाई कोतवालांची तसबीर ठेवली होती. आपल्या कर्जत-माथेरानचे हे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, भाई कोतवाल इंग्रजांशी लढले आणि हिचे पणजोबा त्याच वेळी इंग्रजांच्या राजाचा मुकुट लावून फिरत होते. मग ते एका टेबलावर कसे ठेवायचे?"

वर्ग गप्प. ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी त्यांना मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. कुणी पोटासाठी गेले, कुणी काम शिकायला, कुणाला जपान आणि हिटलरशी लढणं खरंच गरजेचं वाटलं. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या सैनिकांनी उठाव केला, तेव्हा मुंबईतल्या हवाई दलाच्या हिंदी सैनिकांनीही त्यांना पाठिंबा म्हणून काम बंद केलं होतं. हिचे पणजोबा त्यात होते का? ते आपल्याला माहीत नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहायचं नाही.

मुलांनी बराच वेळ वाद घातला. मी मधे पडले नाही. शेवटी ठरलं की टेबल एकच, पण वस्तू सालांप्रमाणे मांडायच्या. १९४३ ला तसबीर, १९४४ ला चांदणी. तो प्रश्न विचारणारा मुलगा पूर्ण पटल्यासारखा दिसला नाही, आणि मला ते ठीक वाटलं.

चिठ्ठ्या लिहिताना मी त्यांना आणखी एका वैमानिकाची हकिगत सांगितली. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर इंग्लंडच्या हवाई दलात होते, सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवत. जून १९१८ मध्ये त्यांचं विमान पडलं आणि ते शत्रूच्या ताब्यात असताना वारले. जर्मनांनी त्यांना पुरलं, पण नाव भलतंच लिहिलं गेलं. त्यामुळे ते नेमके कुठे आहेत याचा पत्ता युद्ध संपल्यावर कितीतरी दिवसांनी लागला. आज फ्रान्समधल्या हांगार गावच्या युद्ध-स्मशानभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे. हे ऐकल्यावर मुलांनी प्रत्येक चिठ्ठीवरचं नाव दोनदा तपासलं.

आई-बाबांनो, तुमच्याकडे असं काही असेल तर गणवेश गरम पाण्यात धुऊ नका, इस्त्री करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात तर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा, वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका वहीत लिहून ठेवा: हे कुणाचं, कधीचं, कुठून आलं. रायगडकरांना अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. वायुसैनिकांच्या नोंदी दिल्लीच्या वायुसेना अभिलेख कार्यालयात असतात. पत्रात नाव, क्रमांक आणि नातं स्पष्ट लिहा.

आम्ही तसं पत्र पाठवलं आहे. अर्धवट पुसलेल्या आकड्यासाठी दोन शक्यता लिहिल्या: तीन किंवा आठ. उत्तर अजून आलेलं नाही. मुलगी दर सोमवारी मला विचारते आणि मी मान हलवते.

तिची प्रदर्शनातली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिने लिहिलं होतं: "माझे पणजोबा. लीडिंग एअरक्राफ्ट्समन. बर्मा स्टार. ते विमान चालवत नव्हते. ते विमान दुरुस्त करत होते, असं आजी सांगते. कागद आल्यावर नक्की सांगू." आणि खाली, लहान अक्षरात: "बटण माझ्या आजीने घासले आहे."

गोधडी आजींनी पुन्हा शिवली. या वेळी गरुड वरच्या बाजूला घेतला आणि आकड्यांच्या जागी शिवण न घालता एक लहानशी झडप ठेवली, उघडून बघता येईल अशी.